ताकद किती, झेपते किती?

आमच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक पोस्टर चिकटवलेलं आहे. लाल रंगाची फोर्ड मस्टँग, बॉनेट बैलाच्या वशिंडासारखं फुगलेलं. रेक्टर सर तपासणीला आले की दार उघडतं आणि पोस्टर आपोआप भिंतीमागे जातं, म्हणून ते अजून शाबूत आहे! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. पण हा विषय मनातला आहे. ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी कबूल करतो, मला या अमेरिकन मसल कार वेड्यासारख्या आवडतात. त्यांची गोष्टच मजेदार आहे. १९६४ साली पाँटियाकच्या लोकांनी मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि जीटीओ तयार झाली. म्हणजे आपल्याकडे छोट्या शेतकऱ्याने मोठ्या बागायतदाराची बैलजोडी आणून आपल्या गाड्याला जुंपावी तसं! त्याच वर्षी मस्टँग आली. मग हॉर्सपॉवरची स्पर्धा लागली, ती अजून थांबलेली नाही. २०२३ मध्ये डॉजने डेमन १७० काढली, तिची ताकद इथेनॉलमिश्रित इंधनावर १०२५ हॉर्सपॉवर. व्ही-एट इंजिनाचा तो घुमणारा आवाज ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याने मेकॅनिकल ब्रँच का घेतली, असा माझा प्रश्न आहे.

पण दोस्तहो, सेकंड इयरला एक गणित मांडलं आणि माझी थोडी उतरली. मागच्या चाकांवर साधारण १००० किलो वजन धरा, टायरची पकड ०.९ धरा. म्हणजे रस्त्याला देता येणारं बल झालं जेमतेम ९००० न्यूटन. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने गाडी चालली असेल तर रस्त्यावर उतरणारी ताकद ९० किलोवॅट, साधारण १२० हॉर्सपॉवर. इंजिन ४०० चं असो की हजाराचं, त्या वेगाला रस्ता एवढीच घेणार. बाकीची ताकद टायर जाळण्यात जाते. आणि सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जायला अशा गाडीला पंधराएक हॉर्सपॉवर पुरतात! २०१६ मध्ये मस्टँग जीटी भारतात आली तेव्हा अमेरिकेत ४३५ हॉर्सपॉवर देणारं तेच पाच लिटरचं इंजिन कंपनीनेच इथे ४०० च्या आसपास आणून ठेवलं होतं. ज्यांनी बनवलं त्यांनाही कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मस्टँग आणि तुझा काय संबंध? बरोबर आहे. मी येलदरीचा. आमच्याकडे मसल कार म्हणजे ट्रॅक्टर. आणि ट्यूनिंग म्हणजे "पंप वाढवणे".

मी दहावीत होतो. उसाच्या हंगामात काकांच्या ट्रॅक्टरला एका मिस्तरीने सल्ला दिला, "मालक, पंप जरा वाढवून देतो, नुसता पळंल बगा." पंप वाढवला म्हणजे इंजिनात डिझेल जास्त सोडलं. हवा मात्र तेवढीच. ट्रॅक्टर खरंच पळायला लागला. धूर काळाकुट्ट निघायचा आणि आम्ही पोरं त्या धुरालाच ताकद समजायचो. काकांनी दोन ट्रॉल्या जोडल्या, त्याही शिगोशिग भरलेल्या.

माझी परीक्षा संपली होती. मी मडगार्डवर बसून सोबत निघालो. चढाला ट्रॅक्टर हत्तीसारखा चढला. उताराला मात्र मागच्या ट्रॉल्याच त्याला ढकलायला लागल्या. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नव्हते, ट्रॅक्टरचे ब्रेक पूर्वीचेच. काका पेडलवर अक्षरशः उभे राहिले. शेवटी त्यांनी नांगरलेल्या रानात ट्रॅक्टर घातला. एक ट्रॉली पलटी झाली. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून आज मी हा लेख लिहितोय. काका नंतर बराच वेळ धुऱ्यावर बसून होते, काहीच बोलले नाहीत. पुढच्या हंगामात हेड गॅस्केट गेलं, हेडला तडा गेला, आणि वाढवलेल्या पंपाने कमावलेलं सगळं दुरुस्तीत गेलं.

गावाजवळच पूर्णा नदीवर आमचं धरण आहे, १९६८ साली पूर्ण झालेलं. त्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. एक संच म्हणजे दहा हजार हॉर्सपॉवर! दहा डेमन एकत्र. पण त्याला ना धूर, ना डरकाळी. तिथला गव्हर्नर लोड बघून पाणी कमी-जास्त करतो, वेग हाताबाहेर जाऊ देत नाही. तेच पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जातं आणि कालव्याने शेतात. लहानपणी मला ते वीजघर बोअरिंग वाटायचं. आता वाटतं, ताकद कशी असावी हे मी घराजवळच बघत होतो, फक्त कळलं नव्हतं.

माझं मत एवढंच आहे. ट्यूनिंग वाईट नाही, क्रम चुकतो. आधी ब्रेक, मग टायर, मग कूलिंग, मग क्लच आणि गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आपण नेमकं उलट करतो, आणि त्यातही सुरुवात सायलेन्सर कापण्यापासून! पार्किंगमध्ये रात्री अकराला जे मित्र बुलेटचे फटाके फोडतात त्यांना प्रेमाने सांगतो, आवाज वाढला म्हणून एक हॉर्सपॉवरही वाढत नाही, फक्त रेक्टर सर जागे होतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. हौस भागवायची असेल तर आपल्या वर्कशॉपमध्ये एखादं जुनं इंजिन स्टँडवर बसवून द्या, अशी सरांना या निमित्ताने विनंती. तिथे आम्ही ते खुशाल फोडू आणि का फुटलं तेही शिकू.

पोस्टर मी काढणार नाही. फक्त त्याच्या खाली पेनने एक ओळ लिहून ठेवलीय: "ब्रेक कसे आहेत?"