घुमट कोणाचा, परिषद कोणाची?

पुणे–सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर येथे २ ऑक्टोबर २०१८ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते एका प्रचंड घुमटाचे उद्घाटन झाले. व्यास १६० फूट, उंची २६३ फूट, नाव ज्ञानेश्वरांचे, आणि आत विज्ञान, धर्म व तत्त्वज्ञान यांची जागतिक परिषद! एके काळी राज कपूर यांच्या मालकीच्या असलेल्या राजबागेत एमआयटी या खाजगी शिक्षणसंस्थेने राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांचे हे स्थान उभारले. विश्वशांतीला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, शांतीची चर्चा कोणाच्या छताखाली, कोणाच्या निमंत्रणाने आणि कोणाला वगळून व्हावयाची?

या प्रश्नाचे मूळ सरकारी धोरणात आहे. १९५६ साली युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरली, तेव्हा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या दरिद्री देशाने सार्वजनिक पैशातून विज्ञान भवन बांधले. १९८३ साली मात्र वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार मोकळे केले. एमआयटीचा जन्मही त्याच वर्षीचा. शासनाने शिक्षणातून अंग काढून घेतले आणि मागोमाग विचारविनिमयाची व्यासपीठेही खाजगी मालकीकडे गेली.

सरकारी तिजोरीवर भार न टाकता भव्य वास्तू उभी राहिली तर बिघडले काय, असा युक्तिवाद केला जाईल. तो फसवा आहे. विनाअनुदानित शिक्षणाचा मुख्य आधार विद्यार्थ्यांचे शुल्क हाच असतो, आणि कित्येक पालक ते कर्ज काढून भरतात. कर भरणारा नागरिक विधिमंडळामार्फत हिशेब मागू शकतो. शुल्क भरणाऱ्या पालकाच्या हाती केवळ पावती उरते.

परिषदेची थोरवी छताच्या उंचीवर ठरत नाही. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे झाले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून तेथील नगर सजविले. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली त्या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. मांडव उतरला, कुळांचा, कर्जाचा व शेतसाऱ्याचा प्रश्न मात्र राष्ट्रीय चळवळीच्या पटावर कायमचा आला.

लोणीकरांनाही परिषद नवी नाही. पंढरीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते. त्या मेळाव्यास निमंत्रणपत्रिका लागत नाही. जवळच थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला आणि सभासद शेतकरी व कामगार यांच्या वाट्याला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली. भाकरीची शाश्वती नसलेल्यांच्या शेजारी शांतीची प्रवचने पोकळच ठरतात.

म्हणून दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यात शासनाने सार्वजनिक मालकीचे, माफक भाड्याचे परिषदगृह बांधावे. आणि ज्ञानेश्वरांचे नाव मिरविणाऱ्या या घुमटाखाली ऊसतोडणी कामगार, शेतमजूर व बंद कारखान्यांचे कामगार यांच्या परिषदांना विनामूल्य जागा मिळावी. ज्ञानेश्वरांनी ज्ञान संस्कृताच्या कोंडवाड्यातून बाहेर काढले. त्यांच्या नावाने ते पुन्हा कोंडले जाऊ नये.