स्वपक्षाच्या मंत्र्याला जाब विचारणारा खासदार

विरोधी पक्षाने संसदेत सरकारला धारेवर धरले, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. तो त्याचा धर्मच आहे. परंतु सत्ताधारी बाकावरील एखादा सभासद उठतो, आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला प्रश्न विचारतो आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवतो, हे दृश्य आज इतके दुर्मिळ झाले आहे की, ते कधी काळी घडले यावर तरुण वाचकांचा विश्वास बसणे कठीण. म्हणूनच मुंबईत जन्मलेल्या आणि रायबरेलीतून लोकसभेवर निवडून गेलेल्या फिरोज गांधी यांची आठवण आम्हांला करून द्यावीशी वाटते.

जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. खासगी विमा कंपन्यांचे मालक विमेदारांच्या पैशाचा कसा दुरुपयोग करतात, हे फिरोज गांधी यांनी डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत उघड केले होते. राष्ट्रीयीकरणाला त्या भाषणाचे मोठे बळ मिळाले. लोकांचा पैसा आता सुरक्षित हाती गेला, असे सर्वांनी मानले.

पुढे वर्षही उलटले नाही तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. मुंध्रा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, पण खरेदीपूर्वी तिचा सल्ला घेण्यात आला नाही. हा पैसा शिक्षकाचा, कारकुनाचा आणि गिरणी कामगाराचा होता. आपल्या पश्चात कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी विम्याचे हप्ते भरले होते.

सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत या व्यवहाराविषयी प्रथम प्रश्न आला. सरकारचे उत्तर मोघम होते. नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा प्रश्न विचारले गेले. त्यानंतर १६ डिसेंबर रोजी फिरोज गांधी यांनी तारखा, रकमा आणि बाजारभाव सभागृहापुढे ठेवून सविस्तर मांडणी केली. संसदेने निर्माण केलेल्या एवढ्या मोठ्या वित्तसंस्थेवर संसदेनेच लक्ष ठेवले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. वक्ता काँग्रेसचा, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी काँग्रेसचे आणि पंतप्रधान पंडित नेहरू तर वक्त्याचे सासरे! नात्याची वा पक्षाची भीड मात्र आड आली नाही.

सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने मुंबईत खुली सुनावणी घेतली. गर्दी इतकी लोटली की, बाहेर उभ्या असलेल्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. या व्यवहाराला आपली संमती नव्हती, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्तींचा निर्वाळा असा की, सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची असते आणि सचिवाकडे बोट दाखवून त्याला ती झटकता येत नाही. पुढे १९६२ मध्ये कृष्णम्माचारी पुन्हा मंत्रिमंडळात आले. जाब विचारणे म्हणजे एखाद्याला कायमचे आयुष्यातून उठवणे नव्हे, हेही त्यावरून दिसते.

याच फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ मध्ये एक कायदा झाला होता. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत सद्भावनेने छापणाऱ्या वृत्तपत्रांना त्यामुळे संरक्षण मिळाले. सभागृहात विचारलेला प्रश्न लोकांच्या कानी पोहोचलाच नाही, तर त्याचा उपयोग काय? आणीबाणीत, १९७६ साली, हा कायदा रद्द झाला. तेव्हा पंतप्रधानपदी फिरोज गांधींच्याच पत्नी होत्या. १९७७ मध्ये तो पुन्हा आला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला राज्यघटनेतच स्थान मिळाले.

आज साधने कमी आहेत काय? लोकसभेत दररोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेण्याची तरतूद आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा तिथेच होते. लेखी उत्तर कचेरीत तयार होते, पण पूरक प्रश्नाला मंत्र्याला स्वतःच तोंड द्यावे लागते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला आणि केवळ लेखी उत्तरे उरली, तेव्हा नेमकी हीच परीक्षा टळली. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी सभासद निलंबित झाले. उलटपक्षी, ज्या गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाया जातो तोही मंत्र्यांच्या पथ्यावरच पडतो, हे विरोधकांनी ध्यानात घेतले पाहिजे.

सत्ताधारी खासदार पक्षांतरबंदी कायद्याकडे बोट दाखवतात. १९८५ च्या या कायद्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते, हे खरे. परंतु तो कायदा मताला बांधतो, प्रश्नाला नाही. आपल्या मंत्र्याला हिशेब विचारल्याने कोणाचे सभासदत्व जात नाही. भय असते ते पुढच्या निवडणुकीतील उमेदवारीचे. ते भय कायद्याने निर्माण केलेले नाही, आणि म्हणून केवळ कायदा बदलून ते दूर होणार नाही.

ते दूर करण्याचा काही भार मतदारांवरही आहे, असे आमचे मत आहे. आपला खासदार लग्नकार्याला आला का, गटार बांधून दिले का, याची आपण चौकशी करतो. त्याने संसदेत कोणते प्रश्न विचारले, हे किती जण पाहतात? प्रश्न व त्यांची उत्तरे आज संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ती वाचावीत, आणि खासदार भेटेल तेव्हा त्याविषयी त्याला विचारावे. ज्याला मतदार जाब विचारतात, तो मंत्र्याला जाब विचारण्याचे धैर्य करील. फिरोज गांधी ८ सप्टेंबर १९६० रोजी, वयाची ४८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच निवर्तले. मंत्रिपद त्यांना कधी लाभले नाही. तरीही विमेदारांच्या पैशाची राखण करणारा खासदार म्हणून त्यांचे नाव राहिले आहे.