घरातली शाळा, आजोबांचे वर्ष

सकाळी दहाच्या सुमारास आपल्याकडील बहुतेक घरे रिकामी होतात. मुले शाळेत जातात, तरुण मंडळी कामावर जातात आणि मागे उरतात ते आजी-आजोबा. फार तर त्यांच्या सोबतीला एखादी मदतनीस बाई. संध्याकाळपर्यंतच्या या प्रहराला औषधांच्या वेळा सोडल्या तर काही आकारच नसतो, असे अनेक ज्येष्ठ सांगतात. आज सोमवार की गुरुवार, याची खूणही हळूहळू पुसट होत जाते.

आजच्या लेखात ज्या घराची ओळख करून घ्यायची आहे, त्या घरात हा रिकामा प्रहर येत नाही. हे घर आहे अमेरिकेतील, मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाचे. मुलांकडे तिकडे काही महिने राहून आलेल्या वाचकांनी शेजारी एखादे असे कुटुंब पाहिलेही असेल. अमेरिकेत वृद्ध बहुधा स्वतंत्र राहतात. परंतु अशा काही घरांत आजी किंवा आजोबा सोबत असतात, आणि तिथला दिनक्रम आपल्याला बरेच काही शिकवून जातो.

अभ्यास, काम आणि सेवा

मुलांना शाळेत न घालता आईवडिलांनी घरीच शिकवण्याची ही पद्धत १९७० नंतरच्या दोन दशकांत तिथे वाढली आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत तिला कायद्याची मान्यता मिळाली. रेमंड व डोरोथी मूर या दांपत्याने आपल्या पुस्तकांतून मुलांच्या दिवसाचे तीन भाग सुचवले होते: अभ्यास, हातांचे काम आणि इतरांची सेवा. अनेक ख्रिस्ती कुटुंबे त्याहून जुन्या एका इंग्रज शिक्षिकेचा आधार घेतात. शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी इंग्लंडमधील अँबलसाइड येथे शिक्षिकांसाठी विद्यालय चालवले. लहान मुलांचे धडे वीस मिनिटांहून मोठे नसावेत, मुलांनी रोज मोकळ्या हवेत राहावे, वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि पाहिलेले निसर्गवहीत नोंदवावे, ही त्यांची शिकवण.

या चारही गोष्टी आजी-आजोबांना साजेशा आहेत. न्याहारीनंतर सगळे एकत्र बसून बायबलमधील उतारा वाचतात, एक स्तुतिगीत गातात, प्रार्थना करतात. विस्मरणाचा आजार जडलेल्या व्यक्तीलाही लहानपणी पाठ झालेली गीते आणि प्रार्थना बराच काळ आठवतात. त्यामुळे दिवसातली ही वीस मिनिटे तिला इतरांच्या बरोबरीने भाग घेता येतो. पुढे धडे सुरू झाले की सात-आठ वर्षांचे मूल आजीजवळ बसून मोठ्याने वाचते आणि पुस्तक मिटून गोष्ट सांगते. मुलाला श्रोता मिळतो, आजीला ठरलेल्या वेळचे काम मिळते.

हिवाळा

ओहायोसारख्या उत्तरेकडील राज्यात डिसेंबरमधला दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो. अशा काळोख्या दिवसांतच आगमनकाळ येतो. नाताळपूर्वीच्या चार रविवारी हिरव्या फांद्यांच्या चक्रातली एकेक मेणबत्ती वाढत्या क्रमाने लावली जाते. १८३९ साली हँबुर्ग शहरात योहान हिनरिक विखेर्न यांनी आपल्या आश्रमातील गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून असे चक्र प्रथम केले. तारखांचा गोंधळ होणाऱ्या आजोबांनाही ‘आज तिसरी मेणबत्ती’ हे चटकन कळते.

बाहेर रस्त्यावर बर्फ गोठलेला असताना वृद्धांना फिरायला नेण्याचा आग्रह कोणी धरत नाही, कारण या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा उभे राहणे कठीण होते. त्यांची खुर्ची सकाळच्या उजेडाच्या खिडकीशी ठेवली जाते. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ जागेवर ठेवतो आणि रात्रीच्या झोपेला मदत करतो. मात्र हिवाळ्यात त्या अक्षांशावर उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. त्याची सोय डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी लागते.

त्या खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाणे टांगलेले असतात. लालभडक कार्डिनल, इवलासा चिकडी असे पाहुणे येत राहतात. नाताळात पक्षी मारण्याऐवजी ते मोजावेत, असे फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवले. ती गणना आजही दरवर्षी होते. फेब्रुवारीत चार दिवसांची आणखी एक गणना असते. तीत घरबसल्या किमान पंधरा मिनिटे पक्षी मोजून नोंद पाठवता येते. आजोबा मोजतात, नातवंडे लिहून घेतात.

वसंत

हिवाळा सरता सरता चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या पंचांगासारखेच हे चंद्राचे गणित आहे. कॅथलिक पंथात उपवासाचे बंधन वयाच्या १८ ते ५९ वर्षांपर्यंतच असते. वृद्धांना त्यातून सूट आहे. ते एखादी आवड सोडतात किंवा प्रार्थनेचा वेळ वाढवतात. एकादशी असो, रोजे असोत की उपवासकाळ, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांनी उपाशी राहण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. रक्तातील साखर अचानक उतरली तर घेरी येऊन पडण्याचा धोका असतो.

याच दिवसांत रात्री गोठवणाऱ्या आणि दुपार उबदार अशी हवा पडली की मेपल वृक्षांतून गोडसर रस पाझरू लागतो. सुमारे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. मुले बादल्या वाहतात, मोठी माणसे चूल सांभाळतात. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा तापमान सुमारे चार अंशांनी वाढले की पाक तयार झाला असे समजतात. तापमापकावर लक्ष ठेवण्याचे काम शाल पांघरून खुर्चीत बसलेल्या आजोबांना सहज जमते, आणि सगळे त्यांच्या शब्दाची वाट पाहत थांबतात.

उन्हाळा आणि पानगळ

उन्हाळ्यात पुस्तके हलकी होतात आणि परसबाग जड होते. ओसरीत बसून मटार सोलणे, काकड्या निवडणे ही कामे आजीच्या वाट्याला येतात. बोटांच्या सांध्यांना व्यायाम होतो आणि घरच्या कामातला आपला वाटाही टिकतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ते प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदे उतरतात, पाने रंग बदलतात, मोनार्क फुलपाखरे मेक्सिकोच्या दिशेने निघतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारप्रदर्शनाचा सण असतो. मेजावर प्रत्येकजण वर्षातली एखादी कृतज्ञतेची गोष्ट सांगतो. आजी-आजोबा जुन्या आठवणी सांगतात आणि मोठी नातवंडे त्या उतरवून घेतात. तोच त्यांचा त्या आठवड्याचा इतिहासाचा धडा होतो. थंडीपूर्वी फ्लूची लस घेण्याचे दिवसही हेच.

काळजी घेणाऱ्याची काळजी

हे चित्र सुखद असले तरी त्यातला एक धोका उघड आहे. मुलांचे शिक्षण, स्वयंपाक आणि वृद्धांची शुश्रूषा हे सारे एकट्या आईच्या माथी पडले, तर वर्षभरात ती खचून जाते. ज्या घरांत हे नीट चालते, तिथे कामांची वाटणी लिहून भिंतीवर लावलेली असते. आठ वर्षांच्या मुलाने वाचून दाखवायचे, बारा वर्षांच्याने सोबत चालायचे, सोळा वर्षांच्याने एका वेळचे जेवण करायचे. औषधांची मात्रा, आंघोळ आणि शौचाची मदत मात्र मोठ्या माणसांकडेच राहते. त्यात वृद्धांचा संकोचही जपला जातो. मुलाला सर्दी-ताप असेल तर वाचन त्या दिवशी बंद. रविवार विश्रांतीचा, म्हणून शनिवारीच रविवारचे जेवण शिजते आणि गोळ्या डबीत भरून ठेवल्या जातात. घरात आजारपण असेल तर मंडळीतील इतर कुटुंबे आळीपाळीने जेवण पोहोचवतात. ही मदत नाकारायची नसते.

आपल्या घरी काय करता येईल?

मुलांना शाळेतून काढावे, असे या लेखाचे सांगणे नाही. वसई आणि अहिल्यानगर भागातील ख्रिस्ती कुटुंबांना हे उपासना-वर्ष परिचयाचे आहेच; इतरांच्या घरी चैत्र ते फाल्गुन आहे, रमजान आहे, वर्षावास आहे. त्या वर्षाचा उपयोग ज्येष्ठांच्या दिवसाला आकार देण्यासाठी करता येतो.

मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका नजरेच्या उंचीवर लावा आणि रोज तारखेवर खूण करण्याचे काम ज्येष्ठांकडे सोपवा. विसरभोळेपणा असेल तर ‘आज वार कोणता?’ असे विचारून त्यांची परीक्षा घेऊ नका. ‘आज गुरुवार, उद्या संकष्टी’ असे आपणच बोलता बोलता सांगा. नातवंड शाळेतून आल्यावर वीस मिनिटे त्यांच्याजवळ वाचेल, अशी वेळ बांधा. बसून करता येणारे एक तरी काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी आठवड्यातला अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि त्या वेळी घरात कोण थांबणार, त्याचे नाव आधीच लिहून ठेवा.

आणि एक निसर्गवही घ्या. पळस फुलला, कोकीळ प्रथम ओरडला, बहावा पिवळा झाला, पहिला पाऊस आला. रोज एक ओळ पुरे. हात थरथरत असेल तर त्यांनी सांगावे, दुसऱ्याने लिहावे. काही महिन्यांनी ही वही डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडते. नोंदी कोणत्या आठवड्यात तुटल्या, अक्षर केव्हापासून बदलले, हे त्यातून दिसते, आणि तपासणीच्या दहा मिनिटांत सांगायचे राहून गेलेले बरेच काही त्यातून कळते.