आडवळणाचा सल्ला

रुग्ण दाखल झाल्यापासून तो घरी जाऊन स्थिरस्थावर होईपर्यंतच्या साऱ्या उपचारक्रमाचे सूत्र एकाच अनुभवी परिचारिकेच्या हाती सोपवावयाचे, ही केस मॅनेजरची कल्पना आपल्याकडील काही मोठ्या रुग्णालयांनी उचलली खरी. परंतु तिच्यावर जबाबदारी टाकताना मुखत्यारी मात्र हातची राखून ठेवली, आणि या उणिवेतून जी नित्याची कुरबूर उद्भवते तिचे खापर डॉक्टरांच्या अहंतेवर किंवा सिस्टरांच्या जिभेवर फोडून सगळे मोकळे होतात.

या पदाचा प्रसार अमेरिकेत झाला तो बराचसा हिशेबाच्या निकडीतून. 1983 साली तेथील मेडिकेअर योजनेने प्रत्यक्ष खर्चाऐवजी निदानगटानुसार आगाऊ ठरवलेली रक्कम रुग्णालयांना देण्याचे ठरविले, तेव्हा रुग्णाचा प्रत्येक जादा दिवस रुग्णालयाच्याच तिजोरीवर पडू लागला. साहजिकच ही बाई रुग्णाची की दप्तराची, असा किंतु डॉक्टरांच्या मनात आला. तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. खाट केव्हा रिकामी होणार हा तगादा आमच्याकडेही सिस्टरांच्याच मुखातून येतो, आणि त्यांच्यामागे तो कोणी लावला आहे हे पाहण्याची तसदी आम्ही घेत नाही.

दुसरे दुखणे याहून जुने. लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1967 साली ‘डॉक्टर-नर्स खेळा’चे वर्णन केले: परिचारिकेने सल्ला द्यावा, पण तो सल्ला आहे असे दिसू देऊ नये, डॉक्टरने तो मागावा, पण मागितला असे भासू देऊ नये. 1990 साली त्यांनीच सहकाऱ्यांसह पुन्हा लिहिले की, परिचारिकांनी हा खेळ एकतर्फी सोडून दिला आहे. आमच्या वॉर्डांत तो अद्याप बिनबोभाट चालू आहे, आणि प्रस्तुत लेखक त्यातला एक मुरलेला खेळाडू.

हृदयाची झडप बदललेल्या एका वृद्ध गृहस्थांना घरी सोडण्याच्या दिवशी राउंड संपता संपता सिस्टर म्हणाल्या, “सर, आजोबांच्या पिशवीत गावाकडच्या जुन्या गोळ्या आहेत.” आम्ही “बरं” म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो. जुन्या पाकिटातली गोळी व आम्ही लिहिलेली गोळी यांची नावे निराळी असली तरी दोन्ही रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिनच होते. नवव्या दिवशी आजोबा नाकाला रक्ताने भिजलेला पंचा लावून परत आले. ते बचावले. पुढे सिस्टरांना विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “दोन्ही एकच आहेत हे मला कळलं होतं, सर. पण सगळ्यांदेखत तुम्हांला कसं सांगणार?”

या उत्तरात उद्धटपणा नव्हता, हेच अधिक बोचले. घरी कोण औषध देते, कोणाला वाचता येते, पुढच्या रक्ततपासणीला तालुक्याला येण्याची ऐपत आहे की नाही, याची इत्थंभूत खबर जिच्यापाशी, तिने ती हळूच, आडून सुचवावी. आणि रुग्णाला जेमतेम चार मिनिटे पाहणाऱ्याने तिच्यावर हुकूम सोडावा, असा हा शिरस्ता. निदान व औषधयोजना यांचा अधिकार कायद्याने डॉक्टरचाच आहे, त्यात वाटेकरी व्हावयाची मागणी सिस्टरांनी आमच्यापाशी कधी केलेली नाही. त्यांना हवी आहे ती “हे चुकते आहे” असे उघड बोलण्याची मुभा, आणि बोलल्यावर दखल.

म्हणून आम्ही आमच्या विभागात एक साधा रिवाज पाडला आहे: घरी सोडण्यापूर्वी रुग्णाची पिशवी खाटेवर रिकामी करावयाची, सिस्टरांनी आपले मत केसपेपरावर लिहून सही करावयाची, आणि त्याखाली होकार अथवा सकारण नकार लिहिल्यावाचून डॉक्टरने डिस्चार्ज कार्डावर सही करावयाची नाही. वाचकांनी आपापल्या ठिकाणी महिनाभर हे करून पाहावे व आलेल्या अडचणी आम्हांस कळवाव्यात. सिस्टरांची पत्रे आधी छापू.