बाळ वर्षाचे झाले, पण चालत नाही!



बाळाचे वर्ष भरत आले की घरात मोजणी सुरू होते. दात किती आले? पाऊल टाकले का? शेजारचे पोर दहाव्या महिन्यात अंगणभर हिंडते, आपले मात्र अजून भिंतीला धरून उभे! सासूबाई एक सांगतात, माहेरची माणसे दुसरे सांगतात, आणि बाळाची आई आतल्या आत झुरते.

चालण्यापायी एवढे झुरायचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ साली ती प्रसिद्ध केली. काही बाळे आठ महिने उलटताच आधाराशिवाय चालली, तर काहींनी साडेसतरा महिने घेतले. दोन्हीही धडधाकट. काही बाळे तर रांगलीच नाहीत. घरी लाकडी पांगुळगाडा असेल तर बाळाला खुशाल ढकलू द्या. आत बसवायचा चाकांचा गोल वॉकर मात्र आणू नका. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट बाळ ओट्यावरून किंवा चुलीवर जाऊन पडते. वर्षाचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, आलेली गोष्ट विसरत असेल, किंवा दीड वर्षानंतरही चालत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

खरी नजर हवी ती वजनावर. जन्मताना ३ किलोचे बाळ वर्षाला साधारण ९ किलो होते. पुढच्या सबंध वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढते. म्हणून या वयात बाळाची भूक थोडी कमी वाटते, ते खेळात रमते, घास थुंकते. इथवर ठीक. पण वाढ मंदावणे निराळे आणि थांबणे निराळे. लागोपाठ दोन महिने वजनाचा काटा हलला नाही, तर काही तरी बिनसले आहे. वर्षाच्या मुलाचे वजन ७ किलो ७०० ग्रॅमच्या खाली किंवा मुलीचे ७ किलोच्या खाली असेल, तर ते कमीच समजा. ‘आमच्या घराण्यात सगळे बारीकच’ असे म्हणून सोडून देऊ नका. त्याच पाहणीत पोटभर आणि नीट खाणारी दिल्लीची मुले नॉर्वेच्या मुलांच्या तोडीने वाढलेली दिसली. घराण्याचा दोष थोडा. कमी पडलेला घास आणि वरचेवरची हगवण यांचाच जास्त.

आपल्या साक्री तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी ऊसतोडीला गुजरातकडे आणि कारखान्यांच्या भागात जातात. नेमके याच वयाचे पोर कडेवर असते. आई पहाटेच फडात, पोर पाचटाच्या खोपीत मोठ्या बहिणीपाशी, हातात चहात बुडवलेले बिस्कीट. चहाने भूक मरते आणि अन्नातले लोहही अंगी लागत नाही. पाच-सहा महिने वजन कोणी करत नाही. शिमग्यानंतर गावी परतल्यावर पोर उतरलेले दिसते, तेव्हा दृष्ट काढली जाते.

म्हणून निघण्यापूर्वी अंगणवाडीत वजन करा, दंडाला पट्टी लावून घ्या. दंड साडेअकरा सेंटिमीटरहून बारीक भरला, तर प्रवास लांबवा आणि बाळाला आधी दवाखान्यात न्या. लसींचे कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात सोबत ठेवा. गोवर-रुबेलाची दुसरी लस सोळाव्या महिन्यानंतर असते. ती परमुलखातल्या सरकारी दवाखान्यातही मिळते.

खायला वेगळे काही करायला नको. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहू द्या. त्याशिवाय दिवसातून तीन वेळा पाऊण ते एक वाटी घट्ट जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ. डाळीचे वरचे पाणी नको, डाळच कुस्करून द्या. भाकरी त्यात मऊ करा, वर चमचाभर तेल किंवा तूप. पिंपळनेरकडच्या डोंगरपट्ट्यात नागली घरचीच असते, तिची पेज दाट करा. अंडे चालत असेल तर रोज द्या. दादांनो, फडावरून दुपारी एकदा येऊन हा घास तुम्हीही भरवू शकता, हे बायकांचेच काम आहे असे नाही.

शेंगदाणे मात्र कुटूनच घाला. अख्खा दाणा किंवा फुटाणा या वयात श्वासनळीत अडकतो.