पन्नास दिवस फुकट, आणि पुढे?

गेली तीन वर्षं मी एक एक्सेल शीट सांभाळतोय. तिचं नाव आहे 'फुकटचे पैसे'. महिन्याचा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर करायचा, पगाराला हात लावायचा नाही, तो खात्यात व्याज खात पडून राहू द्यायचा आणि ड्यू डेटच्या आदल्या दिवशी बिल पूर्ण भरायचं. बँकेच्या पैशावर आपण व्याज कमवायचं! हा शोध लागला तेव्हा मी इतका खूश होतो की ऑफिसात, घरात, लग्नाच्या पंगतीत, भेटेल त्याला ऐकवत सुटलो होतो.

ऐकणाऱ्यांपैकी एक होता माझा मामेभाऊ. वय वर्षं २३, हिंजवडीत पहिलीच नोकरी, पहिलंच कार्ड. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी गणित, कारण गणित चुकलेलं नाही आणि खरी गोची तिथेच आहे.

समजा तुम्ही महिन्याला ४०,००० रुपये कार्डावर खर्च करता. खर्च महिनाभर विखुरलेला असतो, म्हणजे सरासरी खरेदी स्टेटमेंटच्या १५ दिवस आधी होते. स्टेटमेंटनंतर ड्यू डेटपर्यंत साधारण २० दिवस. म्हणजे जाहिरातीतले ५० दिवस फक्त सायकलच्या पहिल्या दिवशी केलेल्या खरेदीला मिळतात, सरासरी मिळतात ३५. वर्षाच्या ४ लाख ८० हजारांच्या खर्चावर ३५ दिवसांची उधारी म्हणजे कुठल्याही क्षणी बँकेचे सरासरी ४६,००० रुपये तुमच्या खात्यात पडून असतात.

आता त्यावर व्याज. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्याचा दर २.५ टक्क्यांवर आणला. त्या दराने वर्षाचे साधारण १,१५० रुपये. नुसत्या बचत खात्याऐवजी स्वीप-इन एफडी वगैरे करून अगदी ६ टक्के मिळवले असं धरलं (उदारपणे धरलं, महिन्या-दीड महिन्यात मोडायच्या ठेवीला एवढं कोण देतं?), तर २,७६० च्या आसपास. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट २०.८ टक्के कर. हातात उरले २,१८५. महिन्याला १८२ रुपये.

एकशे ब्याऐंशी! दोघांची इडली-वडा-सांबार आणि कॉफी. तीही जपून मागवली तर.

आपल्या आधीच्या पिढीला हे जमलंही नसतं. मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळायचं. त्या वीस दिवसांत एकदा जरी खातं खाली गेलं की व्याज गेलं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर हिशेब सुरू झाला, तेव्हा कुठे अशा चार-सहा आठवड्यांच्या पैशाला किंमत आली.

हा खेळ खऱ्या अर्थाने मोठा झाला ब्रिटनमध्ये. तिथे त्याला 'स्टूझिंग' असं नावसुद्धा आहे. तिथल्या बँका नवीन ग्राहक ओढायला महिनोन्‌महिने शून्य टक्के व्याजाची कार्डं देतात. दर महिन्याला फक्त मिनिमम भरायचं, बाकी रक्कम बचत खात्यात. २००७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर ५.७५ टक्के होता तेव्हा लोकांनी यात चांगले पैसे केले. मार्च २००९ मध्ये दर अर्ध्या टक्क्यावर आला आणि खेळातली हवा गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये दर ५.२५ झाला, पुन्हा सुरू. शिवाय तिथे बेसिक रेटने कर भरणाऱ्याला व्याजाचे पहिले १,००० पौंड करमुक्त. यूकेला ऑनसाइट गेलेला माझा एक मित्र हे सगळं मला इतक्या भक्तिभावाने सांगायचा, की मला वाटायचं हीच युक्ती इथे पुण्यात बसून करता येईल.

नाही येत. तिथे मिनिमम भरलं तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत व्याज शून्यच राहतं. आपल्याकडे बिनव्याजी मुदत 'पूर्ण बिल भरलंत तरच' या अटीवर आहे. ती अट मोडली की व्याज ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. वर जुनी बाकी फिटेपर्यंत नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. कार्डावरून रोख काढली तर ती मुदत मुळातच नसते.

मग आपल्याकडचं शून्य टक्के म्हणजे नो-कॉस्ट ईएमआय. त्याचंही गणित करून पाहिलं. ६०,००० चा फोन, १०,००० चे सहा हप्ते. बँक आपलं व्याज घेतेच, फक्त तेवढी रक्कम विक्रेता किमतीतून आधी कमी करतो. १५ टक्के दर धरला तर व्याज होतं साधारण २,५४०. ते तुम्हाला दिसत नाही, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी दिसतो: ४५७. प्रोसेसिंग फी १९९ धरली, तर जीएसटीसकट २३५. म्हणजे 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट ६९२. इकडे तुमचे ६०,००० सहा महिन्यांत हप्त्याहप्त्याने कमी होत जाणार. त्यावर तेच उदार ६ टक्के मिळाले तर १,०५०, कर जाऊन ८३२. निव्वळ नफा १४० रुपये. २.५ टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवले असतील तर उलट साडेतीनशेचा तोटा. आणि एकरकमी पैसे दिले तर दुकानदार हजार रुपये सोडणार होता का, हे आपण विचारलेलंच नसतं!

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, बऱ्याचदा ते प्रोसेसिंग फीच्या नावाखाली ग्राहकाकडूनच वसूल केलं जातं. बारा-तेरा वर्षं झाली, आपण अजून दिवाळी सेलमध्ये तो शब्द शोधतोय.

आता दुसरी बाजू. एकदाच चुकलं तर काय होतं? मागच्या वर्षी मी ट्रेकला गेलो होतो, रेंज नव्हती, नंतर विसरलो. ४०,००० चं बिल पाच दिवस उशिरा भरलं. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, खरेदीच्या तारखेपासून सरासरी ४० दिवस: १,८४१. जीएसटी ३३१. लेट फी १,०००, तिच्यावर जीएसटी १८०. (थकबाकी तीन दिवसांच्या पुढे गेली तरच लेट फी लावता येते असा नियम आहे. माझे पाच झाले होते.) एकूण ३,३५२. वर्षाला २,१८५ कमावणाऱ्या माणसाची दीड वर्षाची कमाई एका शनिवार-रविवारात साफ. नवीन खरेदीवर लागलेलं व्याज वेगळंच.

तरी मी शीट चालू ठेवली. कारण? कारण 'सिस्टीमला हरवणं' ही आपल्या इंजिनियर लोकांची खास खाज आहे. १८२ रुपयांसाठी नाही, 'मला कळलंय, बाकीच्यांना नाही' या भावनेसाठी.

गणपतीत मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ मोठ्या उत्साहाने मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "दादा, तुझी ट्रिक करतोय हं मी. चार महिने झाले." मी म्हटलं, दाखव. त्याने अ‍ॅप उघडलं.

त्याने ६०,००० चा लॅपटॉप कार्डावर घेतला होता. खात्यात पैसे होते. पण दादाने सांगितलं होतं ना, पैसे खात्यातच ठेवायचे, शेवटच्या दिवशी बिल भरायचं. म्हणून हा दर महिन्याला शेवटच्या दिवशी, अगदी वेळेवर, बिल भरत होता. मिनिमम ड्यू. ३,००० च्या आसपास. अ‍ॅपमध्ये ते बटण आधीच निवडलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं की एवढं भरा, लेट फी लागणार नाही. खरंच लागली नव्हती.

पहिल्या महिन्याचंच बघा. ३,००० भरले. ६०,००० वर साडेतीन टक्क्यांनी व्याज २,१००, जीएसटी ३७८. बाकी कमी झाली ५२२ रुपयांनी. असे चार महिने. भरले जवळपास १२,०००, बाकी कमी झाली दोन हजार. व्याज आणि करात गेले पावणेदहा हजार. आणि त्याच चार महिन्यांत त्याच्या खात्यात पडलेल्या ५०,००० वर त्याला मिळालं होतं ४१७ रुपये व्याज. ते त्याने मला कौतुकाने दाखवलं.

मी काही बोललोच नाही दोन मिनिटं. मग तो म्हणाला, "दादा, तू म्हणाला होतास ना, पूर्ण पैसे खात्यात ठेवायचे?"

म्हणालो होतो. 'पूर्ण बिल भरायचं' हेही म्हणालो असेन. पण ते मी एका वाक्यात उरकलं असणार, कारण त्यात माझी हुशारी दिसत नव्हती. पाच मिनिटं एफडीच्या दरांवर बोललो असेन आणि पाच सेकंद त्या अटीवर. त्याने जे ऐकलं ते केलं.

रात्री त्याच्याकडून पूर्ण बाकी भरून घेतली. जेवताना बाबांना सगळं समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे हे आमच्या वाण्याच्या उधारीसारखंच की." सांगलीला महिन्याचं वाणसामान वहीत मांडून यायचं, पगार झाला की बाबा जाऊन चुकतं करायचे. व्याज नाही, फी नाही. मी म्हटलं, हो, तसंच. पण नंतर विचार केला तेव्हा जाणवलं, तसं नाही. एक मोठा फरक आहे. उधारी थकली की वाणी नाराज व्हायचा, दोनदा आठवण करायचा, तिसऱ्यांदा 'आधीचं मिटवा' म्हणायचा. तुम्ही वेळेवर भरावं यात त्याचा फायदा होता. इथे तुम्ही पूर्णही भरू नये आणि बुडवूही नये, मधेच लटकत राहावं, यात फायदा आहे. म्हणून ते बटण आधीच निवडलेलं असतं.

२००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे ४२ टक्के कायदेशीर आहेत. आणि माझे बिनव्याजी ३५ दिवस कुठून येतात? काही दुकानदाराच्या कमिशनमधून, काही माझ्या मामेभावासारख्यांच्या ४२ टक्क्यांतून. मी 'बँकेला हरवतोय' असं तीन वर्षं समजत होतो. बँक कधी हरलीच नव्हती, दुसऱ्या टेबलावर वसूल करत होती.

तेव्हा माझं मत असं. कार्ड वापरा, मीही वापरतो. पूर्ण भरणाऱ्याला ते सोयीचंच आहे. पण याला 'कमाई' म्हणू नका. महिन्याच्या १८२ रुपयांसाठी लिमिट वाढवून घेऊ नका, चार-चार कार्डं घेऊ नका. लिमिटचा मोठा भाग सतत वापरलेला दिसला की क्रेडिट स्कोअरवर परिणाम होतो, आणि उद्या ५० लाखांच्या गृहकर्जावर पाव टक्का जरी जास्त लागला तरी पहिल्याच वर्षी साडेबारा हजार जातात. पाच-सहा वर्षांच्या इडल्या! आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणा नवख्याला ही युक्ती सांगणार असाल तर उलट्या क्रमाने सांगा. आधी अट, मग व्याज. अट सांगून झाल्यावर तो कंटाळला असेल तर फारच छान, तिथेच थांबा.

माझी शीट मी डिलीट केली नाही. तिच्यात एक ओळ वाढवली: मामेभाऊ, वजा ९,७५०. तीन वर्षांचं माझं सगळं 'उत्पन्न' त्यात बुडालं आणि वर तीन हजारांहून जास्त तोटा निघाला. हिशेब म्हटला की पूर्ण हवा.

असो. आज शनिवार आहे, वेळ आहे. तुमचं ऑटो-डेबिट 'टोटल'वर लावलंय की 'मिनिमम'वर, तेवढं उघडून बघा. आणि जमलं तर धाकट्या भावंडांचंही.