तीन मित्र आणा, महिना फुकट

वर्तमानपत्रांच्या बक्षीस योजना मराठी घरांना नव्या नाहीत. रोजच्या अंकातलं कुपन कापायचं, तक्त्यातल्या नेमक्या चौकटीत चिकटवायचं, एखादं राहून गेलं तर शेजाऱ्यांच्या रद्दीत हुडकायचं आणि शेवटी भरलेला तक्ता देऊन स्टीलचा डबा घरी आणायचा. तेवढे दिवस अग्रलेख वाचला काय, न वाचला काय! कात्रीने पाठच्या पानावरची बातमी अर्धी व्हायची, तिचंही कुणाला सोयरसुतक नसे.

आता हीच योजना ईमेलने घरात येते. ‘मॉर्निंग ब्रू’ हे अमेरिकेतलं व्यापारजगताचं न्यूजलेटर 2015 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या दोन तरुणांनी सुरू केलं. त्यांनी प्रत्येक वाचकाला त्याची स्वतःची लिंक दिली. त्या लिंकवरून जितके नवे वाचक येतील, तितकी बक्षिसं चढत जायची: स्टिकर, कॉफीचा मग, टी-शर्ट. अंकाच्या तळाशी तुमच्या खात्यावर आजवर किती जण जमा झाले, तो आकडा. ही यंत्रणा उभारणाऱ्यांपैकी टायलर डेंक यांनी पुढे 2021 मध्ये ‘बीहाइव’ ही कंपनी काढली. त्यामुळे एकट्याने न्यूजलेटर चालवणाऱ्यालाही अशी योजना चार बटणं दाबून लावता येते. ‘सबस्टॅक’ या न्यूजलेटर-सेवेवर तयार तक्ताच मिळतो: 3 मित्र आणले तर एक महिना फुकट, 5 आणले तर तीन महिने, 25 आणले तर सहा. शिवाय कुणी किती आणले याची जाहीर क्रमवारी.

योजना चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ओळखीच्या माणसाने सुचवलेलं आपण जाहिरातीपेक्षा लवकर उघडतो. पण सहा महिन्यांच्या वर्गणीसाठी पंचवीस जणांना गळ घालणारा माणूस वाचक कमी आणि विमा एजंट जास्त झालेला असतो. आणि त्याच्या भिडेखातर आलेले पंचवीस जण? त्यातले किती वाचतात, हे कळणंही आता कठीण झालंय. ईमेलमध्ये दडवलेलं एक अदृश्य चित्र उघडलं की अंक उघडला, असा हिशेब असे. 2021 मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये ही चित्रं परस्पर आधीच उतरवून घेण्याची सोय दिली. ती चालू असली की अंकाला हात न लावणारेही उघडणाऱ्यांत मोजले जातात. म्हणजे ‘अंक उघडा, गुण मिळवा’ अशी योजना कुणी काढलीच, तर ती पायाशीच पोकळ.

सबस्टॅकची एक सोय मात्र मला आवडते. लेखकावर लोभ असेल तर ठरलेल्या वार्षिक वर्गणीहून जास्त रक्कम देता येते. आपल्याकडच्या आजीव वर्गणीदाराचा हा दूरचा भाऊ, फक्त तो दरवर्षी पैसे देतो. आपल्या आजीव वर्गणीदारांनी एकदाच दिले. कागद आणि टपाल महागत गेलं, आणि काही मासिकं वर्गणीदारांच्या आधी गेली.

पण खरी कामाची सोय यांहून साधी आहे. अंकात एकच प्रश्न विचारायचा, आलेली उत्तरं वाचायची आणि निवडक उत्तरं पुढच्या अंकात नावानिशी छापायची. मराठी नियतकालिकांत ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ हे पान हेच करत आलं. चार ओळींचं पत्र, खाली नाव, त्याखाली गाव. तो अंक रद्दीत जात नसे. पाहुण्यांना दाखवला जाई, म्हणजे अंकाचा प्रचारही आपसूक होई. संपादकाला खर्च चार ओळींच्या जागेचा.

मराठीत न्यूजलेटर चालवणाऱ्या मंडळींनी मग-स्टिकरांचा हिशेब मांडण्याआधी हे करून पाहावं. वाचकांनीही हातभार लावावा. आवडता अंक आला की त्याच ईमेलला दोन ओळींचं उत्तर धाडा, खाली गावाचं नाव लिहा, आणि वर्गणी संपल्याची आठवण येण्याआधी भरून टाका.